हा गेम कुणाला द्यावा

लातूरला मी ज्यांच्या घरी दोन वर्षं खोली घेऊन राहिले, त्या घरमालकीणकाकूंना व्हिडिओ गेममधलं जेवढं कळायचं तेवढं अख्ख्या मराठवाड्यात कुणाला कळत नसेल. आणि एवढं कळूनही एकाही गेममध्ये शेवटपर्यंत न गेलेला माणूस तर जगात दुसरा नसेल. जिंकण्यात त्यांना रसच नव्हता. मुलगी बघायला आलेल्या स्थळाची चौकशी करावी तशा त्या गेम खेळायच्या. स्वभाव कसा आहे, तोंडावर गोड बोलून मागून अडचणीत आणतो का, दहा मिनिटांनी कंटाळा आणेल का, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या घरी खपेल. हे एकदा ठरलं की रिमोट खाली ठेवून त्या पदर झटकून उठायच्या. मागं पडद्यावरचा माणूस दरीत पडो नाहीतर वाघाच्या तोंडी जावो, काकू स्वयंपाकघरात गेलेल्या असत.

भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती आणि लातूरच्या निकालांची कीर्ती आमच्या बिलोलीपर्यंत पोचली होती. बिलोलीत ज्या मुलीला दहावीत बरे मार्क पडत तिला लातूरला नेऊन ठेवायचं, ही तिच्या आईवडिलांची आपोआप जबाबदारी होत असे. मलाही तसंच एका ट्रंकेसकट आणून ठेवण्यात आलं. शहरात ज्या घरात म्हणून एखादी जादा भिंत उभी राहू शकत होती त्या घरात ती उभी राहत होती आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मुली राहायला येत होत्या. काकूंच्या घरी अशा चार खोल्या होत्या. सकाळी अंधारात फिजिक्सचा क्लास, मग कॉलेज, मग केमिस्ट्रीचा क्लास, संध्याकाळी बायोलॉजी. मधे जेवण आणि थोडी झोप. घरात मोठ्यानं हसायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, शेजारच्या मुलांच्या खोल्यांकडं बघायचं नाही, असे नियम काकांनी पुठ्ठ्यावर लिहून दारामागं लावले होते. टीव्हीबद्दल त्या पुठ्ठ्यावर काहीच नव्हतं, कारण टीव्ही काकूंचा होता.

काका एस.टी.त कंट्रोलर होते. दिवसभर स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे आणि घरी आल्यावर जवळजवळ बोलायचे नाहीत. बोललेच तर पुकारल्यासारखं बोलायचे. जेवण व्हायला वेळ असला तर काकू आतून सांगायच्या आणि काका आम्हाला कळवायचे, "आमटीला अंदाजे वीस मिनिटं उशीर अपेक्षित आहे." काकूंच्या खेळण्याबद्दल त्यांचं मत काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पडद्यासमोरून जाताना मात्र खाली वाकून जात, म्हणजे काकूंच्या आड येऊ नये.

हा गेम घरात आला कसा, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. काकू मूळच्या औशाकडच्या. भूकंपात त्यांचं माहेर गेलं. आपणहून त्या यावर बोलत नसत. कुणी विचारलंच तर "आमचं गाव सरकारनं दुसरीकडं नेऊन बसवलंय, मला काही घर सापडत न्हाई तिथं," एवढंच म्हणायच्या, आणि ते इतक्या सहज, की विचारणारा खरोखरच रस्ता समजावून सांगायला लागे. त्यांचा मुलगा त्या वेळी आजोळी होता. त्याला आधी बाहेर काढलं, बाकीच्यांना काढायला वेळ गेला. पुढं कितीतरी दिवस तो पोरगा घरात बसला की छताकडं बघत राही. ताटावर बसूनसुद्धा वर बघे. काकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून हैदराबादहून टीव्हीला जोडायचा एक गेम आणला. पडद्याकडं बघताना पोरगा वर बघत नाही, हे काकूंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी दुसरा रिमोट हातात घेतला. मुलगा सावरला, दहावी झाला, बारावी झाला, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. जाताना गादी नेली, सायकल नेली, गेम तेवढा ठेवून गेला. काकूंच्या हातातला रिमोट हातातच राहिला.

गंजगोलाईच्या मागच्या बोळात एका चाचांचं दुकान होतं. आधी ते सिनेमाच्या कॅसेट भाड्यानं द्यायचे. घरोघर केबल आल्यावर तो धंदा बसला आणि त्यांनी गेमच्या कॅसेट ठेवायला सुरुवात केली. पण चाचांना स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं. सिनेमा निदान पोस्टरवरून कळतो. इथं सगळ्या कॅसेटींवर तोच एक तलवार घेतलेला माणूस छापलेला. त्यामुळं नवीन कॅसेट आली की ती आधी काकूंकडं यायची. "बाई, नवा माल आयाय," चाचा दारातूनच म्हणायचे, "जरा देख के बोलो, किसको देना." दोन-तीन दिवसांनी काकू भाजीच्या पिशवीत कॅसेट घालून गंजगोलाईत जायच्या, आणि चाचा ऐकून घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तेच शब्द ऐकवायचे.

ती मतं अगदी थोडक्यात असत. रणगाड्यांचा एक गेम होता, त्यात चारी बाजूंनी शत्रू येतो आणि आपण मधली एक चौकट सांभाळायची. काकूंनी तो दुपारभर खेळून सांगितलं, "हा ज्यांनी नवीन घर बांधलंय त्यांना द्या. बाहेर काय जळालं याचं त्यांना काही वाटत न्हाई, आपली कंपाउंडची भिंत शाबूत पाहिजे." मोटारींच्या शर्यतीचा गेम त्यांना साधारण वाटला. काळ्यापिवळ्या जीपवाल्यांना तो अजिबात देऊ नये, कारण त्यांना त्यात नवीन काही मिळणार नाही, आणि रस्त्यात उभ्या माणसाला बसवून घ्यायची सोय नसल्यामुळं ते चिडतील, असं त्यांचं म्हणणं. दोन पैलवान एकमेकांना बुकलतात तो गेम मात्र त्यांना फार आवडला. "एका घरात राहणाऱ्या दोन जावांसाठी हाय. मनातलं निघून जातंय आणि कुणाला लागत न्हाई." चाचांनी हे इतकं मनावर घेतलं की ती कॅसेट बरेच दिवस खरोखरीच एका मोठ्या कुटुंबात होती आणि परत मागितल्यावर त्यांनी विकतच घेतली, असं ऐकिवात होतं.

गोल्फचा गेम आला तेव्हा काकू जरा गोंधळल्या. एवढी हिरवीगार जमीन, विहीर नाही, पीक नाही, गुरं नाहीत, आणि शेवटी एकच छोटं भोक. त्यांनी तो दोन दिवस खेळला आणि सांगितलं, "हा रिटायर झालेल्या मोठ्या साहेबासाठी. जमीन हाय, काम काही न्हाई, आणि चेंडू आणून द्यायला माणूस हाय." काकांच्या मोबाइलवर पुढं तो सापाचा खेळ आला, त्याच्याबद्दलचं मत त्यांनी काकांच्या ऑफिसातल्या एका बड्या साहेबांसमोरच दिलं. "खात सुटलेल्या माणसाला हा चांगला हाय. खाऊन खाऊन आपल्याच शेपटीला अडखळून मरतो." साहेबांनी चहा तसाच ठेवला. काकांनी त्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत काहीही पुकारलं नाही.

पण त्यांचं सगळ्यात ठाम मत होतं ते उड्या मारत पुढं पुढं जायच्या गेमबद्दल. त्यात शेवटच्या पुलावरून पाय घसरला की थेट पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. तो चांगलाच होता, सगळ्या मुलांना हवा होता, तरी काकूंनी चाचांना बजावून ठेवलं होतं की क्लासच्या पोरांना तो द्यायचा नाही. "त्यांचं तेच चालू हाय. अजून वरून कशाला?" आमच्या गल्लीत दुसऱ्यांदा बारावीला बसलेली बरीच मुलं होती. काकूंचं हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा त्यांतल्या एकानं येऊन काकूंना नमस्कार केला.

दुपारी लाईट जायची तेव्हा काकू अर्ध्या खेळात असायच्या. पडदा काळा होई, इतका वेळ मिळवलेलं सगळं जाई. आम्ही हळहळायचो. काकू मात्र भारनियमन हा त्या गेमचाच एक भाग समजायच्या. पंख्याऐवजी पुठ्ठा घेऊन वारा घेत म्हणायच्या, "बरं झालं. आता हरणाराबी न्हाई आणि जिंकणाराबी न्हाई."

सगळ्या गेमना मत देणाऱ्या काकूंनी एकच गेम बाजूला ठेवला होता. त्यात वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, आणि त्या फिरवून फिरवून खाली नीट बसवायच्या. ती कॅसेट त्यांनी लावली, दोन-चार विटा पडलेल्या पाहिल्या, टीव्ही बंद केला आणि तशाच चपला घालून दुकानात गेल्या. मी त्यांच्यासोबत होते, मला वह्या घ्यायच्या होत्या. चाचांनी सवयीनं विचारलं, किसको देना. काकू म्हणाल्या, "ज्याच्या घरी काही पडलं न्हाई त्याला द्या." चाचांनी कॅसेट घेतली आणि सगळ्यात वरच्या फळीवर मागं सारली. परत येताना काकूंनी मला गवारीचा भाव किती वाढलाय ते सांगितलं.

माझ्या खोलीत माझ्यासोबत देगलूरची एक मुलगी होती. तिचे वडील तिकडच्या एका शाळेत गुरुजी होते. ती माझ्याहून कितीतरी हुशार होती, आणि गुरुजींनी अख्ख्या देगलूरला ती डॉक्टर होणार असं सांगून ठेवलं होतं. बारावीच्या सराव परीक्षेत तिला फिजिक्सला अगदीच कमी मार्क पडले. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. रडली नाही, चिडली नाही. पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. ताट समोर आलं की भूक नाही म्हणायची. क्लासच्या सरांनी सगळ्यांसमोर तिला आणखी दोन तास अभ्यास वाढवायला सांगितलं. गुरुजी दर रविवारी शेजारच्या एस.टी.डी. बूथवर फोन करून मार्क विचारायचे, आणि ती "हाव बाबा, हाव बाबा" म्हणून फोन ठेवायची.

तीन दिवस काकूंनी तिचं ताट तसंच परत नेलं. मग एका दुपारी त्यांनी तिला हाताला धरून पुढच्या खोलीत आणून टीव्हीसमोर बसवलं. आधी शर्यतीचा गेम लावला, मग गोल्फचा. ती नुसती बघत राहिली. काकूंनी तिच्याकडं जरा वेळ पाहिलं, मला म्हणाल्या, "हिला घाईचं काही नको, आणि मारामारीबी नको. हिला रचायचं काहीतरी पाहिजे." आणि चपला घालून निघाल्या. परत आल्या तेव्हा पिशवीत ती वरच्या फळीवरची कॅसेट होती.

विटा पडायला लागल्या तशा काकू टीव्हीकडं पाठ करून बसल्या आणि शेंगा फोडायला घेतल्या. त्यांचे हात भराभर चालत होते. देगलूरची मुलगी आधी रिमोट नुसता धरून होती, विटा वेड्यावाकड्या साचून पडदा भरला. मग पुन्हा सुरू झालं आणि तिनं एक वीट फिरवली. थोड्या वेळानं दुसरी. तासाभरात ती पुढं सरकून बसली होती. त्या दिवशी तिनं भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी मागून घेतली, आणि संध्याकाळी मला फिजिक्समधलं एक गणित अडलंय म्हणून विचारलं. ते मला येत नव्हतं, पण तिनं विचारलं याचाच मला आनंद झाला. आठवडाभर रोज दुपारी हे चाललं. ती पडद्याकडं तोंड करून, काकू भिंतीकडं.

त्यातल्याच एका दुपारी गुरुजी न कळवता आले. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं ते असं, की बोर्डाची परीक्षा तोंडावर, घरमालकीण शेंगा फोडतेय आणि आपली मुलगी गेम खेळतेय. ते ओरडले नाहीत. फार हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी पोरीला इथं शिकायला ठेवलं होतं."

काकू उठल्या. "ती जेवतच नव्हती, गुरुजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोनवर मार्क विचारत होतात. जेवलीस का ते कुणी विचारलं न्हाई."

गुरुजींनी टोपी सारखी केली. मुलीला सामान भरायला सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं तिला घेऊन गेले. ही बातमी क्लासच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचली होती. काकू पोरींना व्हिडिओ गेमच्या नादी लावतात, असं तिचं रूप झालं होतं. त्या आठवड्यात आणखी दोन मुलींचे वडील येऊन त्यांना दुसरीकडं घेऊन गेले. शेजारच्या बाईंनी आपल्या खोल्यांच्या पाटीवर 'शांत व टीव्हीविरहित' असं वाढवून घेतलं. काका एका संध्याकाळी स्टँडवरून आले, पाय धुतले, टीव्हीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सदर खेळ अनिश्चित काळासाठी रद्द करण्यात येत आहे." काकूंनी वाद घातला नाही. गेम जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. दुपारी त्या गहू निवडत बसायच्या. चाचा दोनदा येऊन गेले आणि निवडलेल्या गव्हाकडं बघून परत गेले. दुकानात म्हणे त्यांनी पैलवानांची दुसरी कॅसेट एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला दिली आणि गोल्फ एका जीपवाल्याला.

परीक्षेला चार दिवस उरले असताना गुरुजी परत आले. सोबत मुलगी होती, आणखी वाळलेली. पेपर लातूरलाच द्यायचे होते. गुरुजी ओट्यावर बसले, पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली. घरीही ती तशीच बसून राहिली होती. आईनं विचारलं, लातूरला काय खात होतीस. तर म्हणाली, काकू गेम लावायच्या, मग भूक लागायची. हे सगळं गुरुजींनी आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं. मग म्हणाले, "बाई, मला दुसऱ्यांची पोरं शिकवता येतात. हिला काय शिकवावं ते मला कळंना झालंय."

काकू म्हणाल्या, "आता शिकवू नका. शेजारी बसा."

त्यांनी ट्रंक उघडली. काका तेव्हा घरातच होते. त्यांनी काही पुकारलं नाही; उलट टीव्हीमागची वायर सैल झाली होती ती स्वतः वाकून घट्ट बसवली. गुरुजी धोतर सावरून मुलीशेजारी सतरंजीवर बसले आणि पेपर संपेपर्यंत ते आमच्याच घरी पुढच्या खोलीत राहिले. प्रत्येक पेपरानंतर बापलेक आधी जेवायचे आणि मग थोडा वेळ विटा रचायचे. गुरुजी अत्यंत वाईट खेळायचे. प्रत्येक वीट योग्य जागी जावी म्हणून तिला तोंडी सूचना द्यायचे. काकू भिंतीकडं तोंड करूनच ऐकत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "यांना शर्यतीचा देऊ नये. हे वळणावर थांबून समोरच्याला समजावून सांगतील."

फिजिक्सच्या पेपराच्या दिवशी मुलगी खेळता खेळता मोठ्यानं हसली. तिच्या बऱ्याच ओळी एकदम गेल्या होत्या. त्या हसण्यानं काकू वळल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पडद्याकडं पाहिलं.

"कुठं गेल्या विटा?" त्यांनी विचारलं.

"मिटल्या काकू. ओळ भरली की त्या राहतच नाहीत."

"आणि खाली काय राहतं मग?"

"काही नाही. मोकळी जागा."

काकू "असं व्हय" म्हणाल्या. सूप मांडीवर तसंच धरून त्या बघत राहिल्या. विटा पडत होत्या, बसत होत्या, मिटत होत्या. गुरुजी सूचना द्यायचं विसरले होते. बऱ्याच वेळानं काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि शेंगांचा कचरा गेला म्हणाल्या. परीक्षा संपल्यावर कॅसेट परत करायला मीच त्यांच्यासोबत गेले. चाचांनी विचारायच्या आत काकू म्हणाल्या, "मागं सांगितलं होतं ते राहू द्या. हा कुणालाबी द्या."

देगलूरची मुलगी डॉक्टर झाली नाही. तिला फिजिक्सला बरे मार्क पडले, पण पुरेसे नाहीत. ती परभणीला शेतकीला गेली आणि आता कंधारला नोकरीत आहे. गुरुजींना अख्ख्या देगलूरला पुन्हा सगळं समजावून सांगावं लागलं. ते त्यांनी मोठ्या आवडीनं केलं, असं ती सांगते. मला डेंटलला प्रवेश मिळाला आणि मी नांदेडला स्थिरावले. काकूंच्या खोल्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा भरल्या. लातूरला खोल्या रिकाम्या राहण्याची सोयच नव्हती.

त्यानंतर मी त्यांना अधूनमधूनच भेटले. काका गेले त्या वर्षी एकदा, आणि मग मागच्या उन्हाळ्यात. चाचांच्या दुकानाच्या जागी आता क्लासचं ऑफिस आहे, गल्ली दुतर्फा गुणवंतांच्या फोटोंनी भरली आहे, आणि काकूंच्या घरावर मुलानं दोन मजले चढवले आहेत. काकू खालीच, पुढच्या खोलीत असतात. मुलानं त्यांना एक मोठा पडदा आणि भारीतला गेम घेऊन दिलाय. तो लावलेला होता. डोंगर, नदी, घोड्यावर बसलेला एक माणूस. घोडा जागच्या जागी शेपटी हलवत उभा होता.

बोटं आता वळत नाहीत, काकूंनी सांगितलं. संधिवात. बटणं लई बारीक केलीत. डॉक्टर झालीस ना, मग बघ जरा, म्हणून त्यांनी हात पुढं केला. मी दातांची डॉक्टर आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी मी हात हातात घेऊन बघितला. मग त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. "मी सांगते, तू चालव."

मी घोडा नदीत घातला. मग झाडावर आदळला. मग तो दरीत गेला आणि पडद्यावर सगळं पुन्हा पहिल्या डोंगरापाशी आलं. हा गेम कुणासाठी चांगला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अजून कळलं न्हाई, पुढं काय हाय ते बघितल्याशिवाय कसं सांगायचं. पोरगा वर्षातून दोनदा येतो तेव्हा त्याला सांगते चालव म्हणून, पण त्याला तेवढ्यात फोन येतात.

माझी नांदेडची गाडी पाचची होती. बाहेर ऊन उतरलं होतं, क्लास सुटलेल्या मुली पाठीवर दप्तरं टाकून खिडकीवरून चालल्या होत्या. मी पर्स घेतली होती, ती खाली ठेवली. घोडा पुन्हा उभा केला.

"हळू चालव," काकू म्हणाल्या. "गावं बघत बघत जाऊ."